बॅकअप खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट: एनएफएलमध्ये नव्याने एजंट होणाऱ्यांसाठी

आमच्या आईला माझं काम समजावून सांगायला मला दोन वर्षं लागली. सांगलीच्या घरून फोनवर दर वेळी तिचा एकच प्रश्न, "म्हणजे तो मुलगा खेळत नाही, नुसता बाहेर उभा असतो, आणि त्याला जास्त पैसे द्या म्हणून तू भांडतेस?" हो आई, अगदी तेच.

पुण्यात लॉ केलं, मग ओहायोत एलएलएम, मग एका छोट्या एजन्सीत दोन वर्षं एक्सेल भरणं आणि लोकांना एअरपोर्टवरून आणणं, मग एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) प्लेयर्स असोसिएशनची, म्हणजे खेळाडूंच्या युनियनची, परीक्षा पास होऊन सर्टिफाइड एजंट. टीव्हीवर दिसणारे स्टार माझ्याकडे एकही नाहीत, माझे सगळे बारावे गडी, म्हणजे बॅकअप. गेल्या काही महिन्यांत इथे शिकणाऱ्या तीन-चार मराठी पोरापोरींनी मेसेज करून साधारण तेच तेच विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: बातमीत येतो तो आकडा बाजूला ठेवायचा आणि पैसे पक्के कधी होतात ती तारीख शोधायची. बाकी सगळं त्या तारखेभोवती फिरतं.

ज्यांना खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ३२ टीम, प्रत्येकीच्या रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीत) ५३ जण, मॅचच्या दिवशी त्यातले जास्तीत जास्त ४८ कपडे घालून उतरू शकतात, रेग्युलर सीझन १७ मॅचेसचा आणि १८ आठवड्यांचा. पगारावर कॅप, म्हणजे टीमने वर्षात किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा, २०२५ साठी २७ कोटी ९२ लाख डॉलर. आयपीएलसारखा लिलाव नसतो, ड्राफ्ट (टीम पाळीपाळीने कॉलेजमधली नवी पोरं निवडतात तो) होऊन पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपलं की पुढे सगळी फोनवरची घासाघीस.

जवळ काय काय लागतं:

- प्लेयर्स असोसिएशनचं सर्टिफिकेट (पोस्टग्रॅज्युएट डिग्री लागते, किंवा वाटाघाटींचा बराच अनुभव)
- खेळाडूने सही केलेला स्टँडर्ड रिप्रेझेंटेशन अ‍ॅग्रीमेंट, हा नसेल तर टीमशी एक शब्द बोलायचा नाही
- २०२० चं सीबीए, म्हणजे लीग आणि युनियनमधला करार, पीडीएफ फुकट मिळते, प्रिंट काढू नका, झाडं वाचवा
- खेळाडूचा सीझनवार रोस्टर इतिहास, कोणत्या आठवड्यात तो कुठे होता, दिवसासकट
- स्नॅप काउंट, म्हणजे मैदानात राहून किती डाव खेळला, आणि स्पेशल टीम्सचे (किकच्या डावांना उतरणारा संच) वेगळे
- मेडिकल फाइल
- ओव्हर द कॅप आणि स्पॉट्रॅक या दोन साइट्स (कोणाचं कॉन्ट्रॅक्ट कितीचं ते तिथे दिसतं), आणि साधा कॅल्क्युलेटर

१. आधी आपला माणूस कोणत्या खान्यात बसतो ते ठरवा

इथे नव्वद टक्के नवीन लोक गडबडतात, मीही गडबडले. दोन प्रकारची वर्षं मोजली जातात आणि नावं सारखीच वाटतात. क्रेडिटेड सीझन म्हणजे तीन किंवा जास्त मॅचेस पूर्ण पगारावर, आणि अ‍ॅक्रूड सीझन म्हणजे सहा किंवा जास्त. क्रेडिटेडवर तुमचा किमान पगार ठरतो, अ‍ॅक्रूडवर तुमचं स्वातंत्र्य. प्रॅक्टिस स्क्वाडवरचे (५३ च्या बाहेर, नुसते सरावाला ठेवलेले) आठवडे यात धरत नाहीत, मग भले पोरगा रोज सकाळी सहाला मैदानावर असो.

कॉन्ट्रॅक्ट संपलंय आणि चार अ‍ॅक्रूड सीझन झालेत तर तो मोकळा, कुठेही जाऊ शकतो. तीन झाले असतील तर रिस्ट्रिक्टेड, म्हणजे बाहेरची ऑफर घेता येते पण जुन्या टीमला तीच रक्कम देऊन ठेवून घ्यायचा हक्क राहतो. तीनपेक्षा कमी असतील तर एक्स्क्लुझिव्ह राइट्स, आणि तिथे टीमने किमान पगाराची ऑफर टाकली की दुसऱ्या कोणाशी बोलताच येत नाही, विषय संपला.

माझा एक पोरगा आहे, बॅकअप गार्ड, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये समोरच्यांना अडवणारा. त्याच्याकडे दोन अ‍ॅक्रूड सीझन होते आणि २०२४ मध्ये तो पाच मॅचेस ५३ मध्ये होता, सहाव्या मॅचच्या आधी त्याला सोडलं. मी खुशाल तीन सीझन धरून रिस्ट्रिक्टेडची तयारी करून बसले, जानेवारीत एका सीनियर एजंटने फाइल बघितली आणि म्हणाला, हे पाच आहेत गं. क्रेडिटेड तीन, अ‍ॅक्रूड दोन. म्हणजे किमान पगार तीन वर्षांच्या स्लॅबचा पण गळ्यात पट्टा तसाच. एका आठवड्याचा फरक. म्हणून म्हणते, त्याला विचारू नका "किती वर्षं खेळलास," आठवडे मोजा.

२. बाजारभाव काढा, पण बातमीतला नको

२०२५ चा किमान पगार असा: एकही क्रेडिटेड सीझन नसेल तर ८ लाख ४० हजार डॉलर, एक असेल तर ९ लाख ६० हजार, दोनला १० लाख ३० हजार, तीनला ११ लाख, चार ते सहाला ११ लाख ७० हजार, सात आणि पुढे १२ लाख ५५ हजार. बहुतेक बॅकअप याच शिडीवर किंवा तिच्या थोडे वर असतात. अपवाद क्वार्टरबॅकचा, म्हणजे बॉल फेकून सगळं आक्रमण चालवणाऱ्याचा, कारण तो एक जागेवर नसला की सगळा सीझन बुडतो, म्हणून तिथे बॅकअपलाही कोट्यवधी मिळतात.

मग तुलनेसाठी पाच-सहा खेळाडू निवडा. वय, सुरुवातीपासून खेळलेल्या मॅचेस, स्नॅप, किती जागांवर खेळू शकतो हे सगळं जुळलं पाहिजे. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये जो डाव्या-उजव्या दोन्ही टॅकलला उभा राहू शकतो त्याला स्विंग टॅकल म्हणतात, आणि त्याची किंमत फक्त गार्ड खेळणाऱ्यापेक्षा वेगळी निघते कारण मॅचच्या दिवशी एकाच माणसात दोन जागा भरतात. लाइनबॅकर किंवा सेफ्टी (दोन्ही डिफेन्समधल्या जागा) असेल तर तो स्पेशल टीम्समध्ये, पंट आणि किकऑफला, किती वेळ मैदानात असतो हे आधी सांगा, डिफेन्समधले स्नॅप नंतर.

सापळा असा की बातमीत "इतक्या डॉलरपर्यंत" असं येतं आणि ते "पर्यंत" कोणी वाचत नाही. क्वार्टरबॅक गार्डनर मिन्शूने २०२३ मध्ये कोल्ट्स या टीमबरोबर एका वर्षाचं केलं, मूळ ३५ लाख आणि सगळे बोनस लागले तर ५५ लाख. तुमच्या क्लायंटचे वडील ५५ घेऊन येतात, टीमवाला ३५ घेऊन बसतो. पुढच्या वर्षी त्याच मिन्शूला रेडर्सनी दोन वर्षांचे २ कोटी ५० लाख दिले असं सगळीकडे छापून आलं, त्यातले पक्के १ कोटी ५० लाख होते, आणि मार्च २०२५ मध्ये त्याला सोडूनही दिलं. अडीच कोटी छापलेले, दीड कोटी पक्के. तुलना करायची तर पक्क्या पैशांची करा.

३. टीमच्या घरात डोकावून बघा

कोण देतंय यापेक्षा कोणाला गरज आहे हे शोधायचं. डेप्थ चार्ट (कोणत्या जागेवर कोण पहिला, कोण दुसरा ती यादी) उघडा, पुढचा माणूस किती वर्षांचा आहे, त्याचा गुडघा कसा आहे, लाइनचा कोच बदलला का, आणि मुख्य म्हणजे ड्राफ्टमध्ये ते याच जागेसाठी कोणाला उचलतील का.

ड्राफ्टचं गणित चुकलं की काय होतं याची दोन उदाहरणं मी सगळ्यांना सांगते. मॅट फ्लिन ग्रीन बेला बॅकअप क्वार्टरबॅक, १ जानेवारी २०१२ ला डेट्रॉइटविरुद्ध त्याला एक मॅच मिळाली आणि गड्याने ४८० यार्ड आणि सहा टचडाउन फेकले. मार्चमध्ये सिअ‍ॅटलने त्याला घेतलं, १ कोटी पक्के देऊन, स्टार्टर म्हणूनच. एप्रिलमध्ये त्यांनी तिसऱ्या राउंडला रसेल विल्सन नावाचा पोरगा उचलला आणि पहिल्या मॅचपासून तोच खेळला. दुसरा चेस डॅनियल, तोही क्वार्टरबॅक. मार्च २०१६ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला तीन वर्षांचे २ कोटी १० लाख दिले, १ कोटी २० लाख पक्के, पुढच्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर कार्सन वेंट्झ आणला, आणि वर्षभरात डॅनियल बाहेर. दोघांची जागा गेली, पण दोघांच्या एजंटने पक्का आकडा आधीच लिहून घेतला होता. डॅनियलने तर अख्ख्या करिअरमध्ये फक्त पाच मॅचेस स्टार्ट केल्या आणि तरी चार कोटी डॉलरच्या वर कमावले, माझ्या दृष्टीने या धंद्यातला तोच खरा हिरो. आईला मी त्याचंच उदाहरण देते.

४. कॅलेंडर पाठ करा

मार्चमध्ये नवीन लीग इयर सुरू व्हायच्या आधी दोन दिवस एजंटना मोकळ्या होणाऱ्या खेळाडूंबद्दल टीमशी बोलायची परवानगी असते. २०२५ मध्ये ते १० मार्चच्या दुपारी १२ पासून १२ मार्चच्या दुपारी ४ पर्यंत होतं, ईस्टर्न टाइम. या दोन दिवसांत तुमच्या बॅकअपसाठी कोणी फोन करेल अशी आशा ठेवू नका. क्वार्टरबॅक सोडला तर हा बाजार मोठ्यांचा. आम्ही त्या ५२ तासांत फोन चार्जरला लावून बसतो आणि फोन येतो तो घरमालकाचा.

खरी बॅकअपची वेळ त्यानंतरच्या आठवड्यापासून. आणि एक लाट ड्राफ्टनंतर येते, तिचं कारण नवीन लोकांना माहीत नसतं. ज्या टीमचे मोकळे खेळाडू बाहेर गेले तिला पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाई म्हणून जादा पिक (खेळाडू निवडायच्या पाळ्या) मिळतात, पण बाहेरून मोकळे खेळाडू घेतले की ती भरपाई कापली जाते. हा हिशोब ड्राफ्टनंतरच्या सोमवारी बंद होतो, २०२५ मध्ये २८ एप्रिलला. तर मधल्या भावाचा बॅकअप असेल तर एप्रिलमध्ये टीम गोड बोलून टाळते, "आम्हाला तो आवडतो, जरा थांबा," आणि ते खोटं नसतं, ते त्या सोमवारची वाट बघत असतात. किमान पगाराचे आणि ज्यांना जुन्या टीमने सोडलंय असे लोक या हिशोबात येतच नाहीत, म्हणून तुमचा माणूस त्यातला असेल तर मार्चमध्येच ठणकावून सांगा की याला घेतलं तर तुमचं पिक जात नाही.

शेवटचा मोठा दिवस ऑगस्टच्या शेवटी, फायनल कटचा, टीमची यादी ९० वरून ५३ वर येते. त्याच्याबद्दल पुढे बोलू.

५. टेबलावर काय मागायचं आणि कोणत्या क्रमाने

आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत याद्या करतात तसंच आहे हे. कोण काय देणार, कधी देणार, आणि नंतर "असं ठरलंच नव्हतं" म्हणायला जागा राहू नये. माझा क्रम असा.

पहिला सायनिंग बोनस. हा हातात येतो आणि राहतो. टीमला तो कॅपवर कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांत वाटून टाकता येतो, जास्तीत जास्त पाच वर्षं, म्हणून त्यांनाही चालतो. पण मधेच सोडलं तर उरलेला सगळा हिस्सा एकदम त्यांच्या कॅपवर येऊन आदळतो. दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर ६ लाखांचा बोनस असेल तर पहिल्या वर्षानंतर सोडताना ३ लाख नुसते जळतात. रक्कम छोटी वाटते पण ५३व्या जागेसाठी दोघांत चुरस असताना कोचपेक्षा कॅपवाला माणूस जास्त बोलतो, आणि तो हे ३ लाख बघतो.

दुसरी गॅरंटी. इथे शब्द वाचा. मूळ पगाराला आम्ही पॅरा ५ म्हणतो कारण स्टँडर्ड कॉन्ट्रॅक्टच्या पाचव्या परिच्छेदात तो लिहिलेला असतो, आणि तो आपोआप पक्का नसतो. गॅरंटी तीन कारणांसाठी असते: खेळ कमी पडला म्हणून सोडलं, जखमी झाला म्हणून सोडलं, कॅपसाठी सोडलं. तिन्ही असतील तर पूर्ण गॅरंटी. फक्त जखमेची असेल तरी बातमीत "गॅरंटीड" असंच येतं. बॅकअपला जखमेपेक्षा खेळ कमी पडला किंवा स्वस्त पोरगा मिळाला म्हणून जास्त वेळा काढतात, तेव्हा नुसती जखमेची गॅरंटी म्हणजे उन्हाळ्यात दिलेली छत्री. पूर्ण नाही मिळाली तर तारीख मागा: लीग इयरच्या तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी ती पूर्ण होईल असं. म्हणजे ठेवायचं का नाही हे त्यांना मार्चमध्येच ठरवावं लागतं, जेव्हा बाजारात अजून जागा असतात. हीच मागणी ऑगस्टवर ढकलली की पोरगा ऑगस्टमध्ये रस्त्यावर, आणि तेव्हा ३२ टीम एकदम लोकांना काढत असतात.

गॅरंटीच्या खाली ऑफसेटचं कलम बघायचं. ते असेल तर सोडल्यावर दुसऱ्या टीमने जे दिलं ते पहिल्या टीमच्या देण्यातून वजा होतं. बॅकअपच्या बाबतीत हे काढून टाकणं अवघड, पण निदान विचारा.

तिसरं, मॅचमागे मिळणारा रोस्टर बोनस. टीमला आवडतो कारण खेळला तरच द्यायचा. तुम्ही विचारायचं की नुसतं ५३ मध्ये असणं पुरे की मॅचच्या ४८ मध्ये असायला हवं. तिसऱ्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत हा प्रश्न फारच महत्त्वाचा. जानेवारी २०२३ च्या एनएफसी फायनलमध्ये (लीगची एक उपांत्य मॅच) फिलाडेल्फियात सॅन फ्रॅन्सिस्कोचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीचं कोपर गेलं, मग त्याचा बॅकअप जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार लागला, आणि सॅन फ्रॅन्सिस्कोकडे फेकायला माणूसच उरला नाही. त्यानंतर आपत्कालीन तिसऱ्या क्वार्टरबॅकचा नियम आला, पण तो माणूस ४८ मध्ये मोजला जात नाही. म्हणजे शब्द "अ‍ॅक्टिव्ह" असेल तर पोरगा हेल्मेट घेऊन उभा राहील आणि बोनस शून्य.

आणि स्प्लिट. बॅकअपच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये खूपदा दोन पगार लिहिलेले असतात, रोस्टरवर असताना एक आणि इंज्युअर्ड रिझर्व्हवर (जखमींच्या यादीत) गेला तर दुसरा, बराच कमी. हा दुसरा आकडा मागच्या पानावर असतो आणि उत्साहात कोणी वाचत नाही. वाचा. तो काढता येत नसेल तर त्याच्या बदल्यात थोडा सायनिंग बोनस मागा.

६. इन्सेंटिव्ह: गोड पण जपून

टीम म्हणेल पक्के नाही देत पण खेळला तर देऊ. यात एक तांत्रिक गंमत आहे. मागच्या वर्षी जे गाठलं ते यंदा "गाठण्याची शक्यता असलेलं" धरलं जातं आणि लगेच कॅपवर मोजतात, जे गाठलं नव्हतं ते "शक्यता नसलेलं," आणि ते यंदाच्या कॅपवर येत नाही, मिळालंच तर पुढच्या वर्षी जुळवून घेतात. बॅकअप मागच्या वर्षी खेळलेलाच नसतो, त्यामुळे त्याचे जवळजवळ सगळे इन्सेंटिव्ह टीमला आज फुकट पडतात. म्हणून ते देताना हात सैल असतो, तुम्ही भरपूर मागा. फक्त त्यासाठी पक्के पैसे सोडू नका, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचा हा धंदा नाही.

आणि टप्पे जवळजवळ ठेवा. निक फोल्सची गोष्ट ऐका. २०१७ च्या सीझनमध्ये फिलाडेल्फियाकडे वेंट्झचा बॅकअप म्हणून आला, वेंट्झ जखमी झाला, आणि ४ फेब्रुवारी २०१८ ला फोल्सने पेट्रियट्सना ४१-३३ हरवून सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला, एमव्हीपी पण तोच. पुढच्या सीझनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये टीमच्या ३३ टक्के स्नॅप खेळले तर आणि टीम प्लेऑफला गेली तर १० लाख असं कलम होतं. शेवटच्या मॅचमध्ये बरगडीला लागून तो बाहेर आला आणि चारच स्नॅप कमी पडले. टीमने नंतर स्वतःहून ते १० लाख दिले, पण तो सुपर बोल जिंकून दिलेला माणूस होता, तुमच्या तिसऱ्या टाइट एंडला कोणी असं देणार नाही. म्हणून एकदम ३३ ऐवजी १५, २०, २५, ३० असे छोटे टप्पे मागते मी, प्रत्येकाला थोडे थोडे.

७. किमान पगाराचं कॉन्ट्रॅक्ट आणि पहिल्या मॅचचा सापळा

चार किंवा जास्त क्रेडिटेड सीझनवाल्यासाठी एक सवलत आहे. त्याने एका वर्षाचं किमान पगाराचं कॉन्ट्रॅक्ट केलं, आणि वरचा बोनस ठरलेल्या मर्यादेत असला, तर त्याला त्याचा पूर्ण पगार मिळतो पण टीमच्या कॅपवर फक्त दोन सीझनवाल्याचा पगार लागतो. म्हणजे आठ वर्षांच्या माणसाला १२ लाख ५५ हजार, कॅपवर १० लाख ३० हजार. शिवाय ऑफसीझनला फक्त सगळ्यात महाग ५१ जणच कॅपवर मोजतात, तर समजा यादीतला शेवटचा ९ लाख ६० हजारवाला असेल आणि तो बाहेर ढकलला गेला, तर तुमचा अनुभवी माणूस त्यांना बोनस सोडून ७० हजाराला पडतो. हे गणित कागदावर करून पाठवा. टीमला येतं ते, पण तुम्हालाही येतं हे त्यांना कळलं की बोलण्याचा सूर बदलतो.

आता सापळा. असा अनुभवी खेळाडू पहिल्या मॅचच्या दिवशी रोस्टरवर असेल आणि नंतर त्याला काढलं, तर तो सीझनचा उरलेला पॅरा ५ मागू शकतो, करिअरमध्ये एकदाच. म्हणजे पहिल्या मॅचला रोस्टरवर असणं हीच त्याची अघोषित गॅरंटी. टीमना हे पक्कं माहीत असतं.

माझा एक स्विंग टॅकल, आठ सीझन झालेला, अतिशय सज्जन माणूस. फायनल कटच्या दिवशी टीमकडून फोन, आज याला सोडतोय पण पहिल्या मॅचनंतर परत घेणार, काळजी करू नका, घर सोडायचीही गरज नाही. चार अ‍ॅक्रूड सीझनवाल्याला त्या काळात वेव्हर (सोडलेल्या खेळाडूवर बाकीच्या टीमना हक्क सांगता येतो ती पद्धत) लागत नाही, तो थेट मोकळा होतो, त्यामुळे दुसरं कोणी त्याला आयता उचलून नेईल ही भीती टीमला नसते. मी "ओके" म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खरंच परत घेतलं, शब्द पाळला. आणि सहाव्या आठवड्यानंतर सोडलं. १२ लाख ५५ हजार भागिले १८ म्हणजे आठवड्याला साधारण ६९ हजार ७००, पाच आठवड्यांचे मिळाले, पुढच्या बारांच्या पूर्ण पगारावर पाणी. त्या फोनवर मी एवढंच म्हणायला हवं होतं की परत घेताना इतकी रक्कम पक्की लिहून द्या, आणि आज नाही लिहिली तर आम्ही बाहेर फोन लावतो. ते कदाचित हो म्हणाले असते. तो माणूस मला एका शब्दाने बोलला नाही, तेच जास्त लागलं.

८. फोनवर कसं बोलायचं

समोर जनरल मॅनेजर नसतो, कॅप आणि कॉन्ट्रॅक्ट सांभाळणारा असतो, रोज असे वीस फोन करणारा. त्याला भाषण देऊ नका. तीन तुलना, एक आकडा, एक तारीख.

थापा मारू नका. पहिल्या वर्षी मी "दुसऱ्या टीमने याहून जास्त दिलंय" म्हटलं, नव्हतं दिलेलं, समोरचा शांतपणे म्हणाला, मग घ्या की तिकडे, ऑल द बेस्ट. दोन दिवसांनी परत फोन करावा लागला आणि तोवर ऑफर खाली आली होती. ३२ च टीम आहेत, सगळे एकमेकांना ओळखतात.

तोंडी ठरलेलं लगेच ईमेलवर घ्या. आणि फिजिकल होईपर्यंत कुणाला पेढे वाटू देऊ नका, कॉन्ट्रॅक्ट मेडिकल पास होण्यावर असतं, म्हणून जुनी दुखापत आधीच सांगून टाकलेली बरी.

एक गोष्ट आपल्या एजंट लोकांबद्दलच. तीन वर्षांत एकही कॉन्ट्रॅक्ट केलं नाही तर एजंटचं सर्टिफिकेट जातं. नव्या एजंटला म्हणून कोणतंही कॉन्ट्रॅक्ट चांगलं दिसायला लागतं. तुमची घाई आणि पोराचं हित वेगळं झालं की स्वतःला थांबवा, नाहीतर सीनियरला फाइल दाखवा.

९. हातात किती पडतात ते आधी सांगा

हे काम खरं तर अकाउंटंटचं, पण शिव्या आपल्याला बसतात. एजंटचं कमिशन जास्तीत जास्त ३ टक्के, फॉर्मवर आधीच छापलेलं दीड टक्का असतं, जास्त हवं तर लिहावं लागतं. ११ लाख ७० हजारवर ३ टक्के म्हणजे ३५ हजार १००, आणि २०१८ पासून खेळाडूला ते फेडरल टॅक्समधून वजा करता येत नाही.

राज्याचा टॅक्स फक्त घरच्या टीमच्या राज्याचा नसतो, ज्या ज्या राज्यात जाऊन काम केलं त्या दिवसांप्रमाणे तिथेही भरायचा. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी, नेवाडा, वॉशिंग्टन इथे पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही, कॅलिफोर्नियात वरचा दर १३.३ टक्के. दोन ऑफर सारख्या असतील तर हा फरक मांडून दाखवा, पण बॅकअपला खेळायची संधी कुठे जास्त हे टॅक्सपेक्षा आधी.

आणि आठवड्याचा हिशोब द्या, वर्षाचा नको. वर्षाचा आकडा ऐकून पोरं गाडी बुक करतात. प्रॅक्टिस स्क्वाडवर नवीन खेळाडूला २०२५ मध्ये आठवड्याला १३ हजार, ५३ मध्ये तीन सीझनवाल्याला किमानावर आठवड्याला साधारण ६१ हजार. ही उडी कोणत्याही मंगळवारी होऊ शकते आणि उलटीही.

१०. सही झाल्यावर

सगळ्या तारखा फोनमध्ये टाका: रोस्टर बोनस कोणत्या दिवशी, गॅरंटी कधी पूर्ण होते, वर्कआउट बोनससाठी किती हजेरी, पहिली मॅच, आणि अ‍ॅक्रूड सीझनसाठीची सहावी मॅच. स्नॅप दर सोमवारी स्वतः मोजा. सीझननंतर कमी पगारात जास्त खेळलेल्यांना लीगच्या एका वेगळ्या फंडातून परफॉर्मन्स बेस्ड पे मिळतो, तो आपोआप येतो पण पोराला माहीत नसतं, तुम्ही सांगितलंत तर तुमचीच पुण्याई.

वर सांगितलेला तो पाच मॅचेसवाला गार्ड यंदा ऑगस्टमध्ये कापला गेला, प्रॅक्टिस स्क्वाडवर राहिला, आणि आठव्या आठवड्यात त्याला ५३ मध्ये वर घेतलं. टीमची बाय (मॅच नसलेला आठवडा) होऊन गेलेली आहे. बोटांवर मोजलं तर त्याची सहावी मॅच थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात येते, आणि ती तारीख माझ्या फ्रिजवर लावलेली आहे, आईने व्हिडिओ कॉलवर विचारलंसुद्धा, कोणाचा वाढदिवस आहे का म्हणून.